चिखलातल्या शर्यतीची पार्श्वभूमी

गो-कार्टिंगच्या लहानशा धावपट्ट्या सोडल्या, तर गोव्यात मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक नाही. तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइम्बतूरला आहे, दिल्लीपलीकडे ग्रेटर नोएडाला आहे. तरीही चंदीगड, केरळ, थेट अरुणाचलपासूनचे हौशी गाडीवाले ऐन पावसाळ्यात, किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले असताना, आपल्या गाड्या घेऊन गोव्यात येऊ लागले. निमित्त २०१४ साली इथे पहिल्यांदा झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ या चिखल-जंगलातल्या चारचाकी शर्यतीचं. शर्यत कित्येक दिवस चालते, पण वेग विचाराल तर बऱ्याच टप्प्यांवर पायी चालणारा माणूस गाडीच्या पुढे निघून जाईल.

या प्रकाराचं मूळ शोधायला १९८० पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी तीन जर्मन जोड्या जीप घेऊन ब्राझीलच्या ट्रान्स-अमेझॉन महामार्गावर उतरल्या. पैसा सिगारेट कंपनीचा, म्हणून नाव ‘कॅमल ट्रॉफी’. पुढच्याच वर्षी स्पर्धा सुमात्रात गेली, मग बोर्निओ, मादागास्कर, सायबेरिया. लँड रोव्हरच्या त्या पिवळट गाड्यांची चित्रं आजही गॅरेजच्या भिंतीवर दिसतात. जाहिरातबाजी होतीच, पण एक अट मात्र विलक्षण होती. व्यावसायिक रेसरला प्रवेश नाही, पूर्णवेळ सैनिकालाही नाही, आणि भाग घ्यायचा तो आयुष्यात एकदाच. म्हणजे नोकरी-धंदा करणारी माणसं रजा टाकून जंगलात जायची. दुसऱ्याची रुतलेली गाडी काढायला धावणाऱ्या संघासाठी वेगळं पारितोषिक असे. ‘हौशी’ या शब्दाला या खेळात जो मान आहे, तो मला वाटतं तिथूनच आला.

१९९७ मध्ये लुईस वी यांनी मलेशियात रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू केली आणि ती मुद्दाम वर्षअखेरीच्या मोसमी पावसात ठेवली. पाऊस हा अडथळा नसून तोच खरा ट्रॅक, हे सूत्र. भारतात हे आणायचं तर गोव्याइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. खाली जांभा. चिरा म्हणून भिंतीत बसवला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. त्याचीच माती आषाढात टायरच्या खाचांत अशी गच्च बसते की मड टायर गुळगुळीत होऊन जातो. (याच सुमारास, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला रंगतो. चिखलात लोळायला गोव्याला परदेशी पाहुण्यांनी शिकवलेलं नाही.)

संघ दोघांचा असतो: ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर. फोटो पहिल्याचे निघतात, दम दुसऱ्याचा निघतो. गाडी ओहोळात नाकावर उभी राहिली की को-ड्रायव्हर विंचची, म्हणजे दोरी गुंडाळत गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची, दोरी ओढत गुडघाभर चिखलातून वर चढतो. नुसती दोरी झाडाला बांधली तर साल सोलली जाते, म्हणून आधी रुंद पट्टा गुंडाळायचा, शॅकल म्हणजे लोखंडी कडी अडकवायची, मग दोरी. तरी गाडी हलत नसेल तर मध्ये स्नॅच ब्लॉक, म्हणजे एक कप्पी: ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. ताणलेल्या दोरीवर ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाकायचं, तुटली तर ती चाबकासारखी अंगावर येऊ नये म्हणून. हे सगळं घड्याळ चालू असताना, आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा पहिल्यापासून. खरा कस लागतो तो इथे.

आणि गाडी? बहुतेकांची सुरुवात जुन्या महिंद्रा जीपने नाहीतर मारुती जिप्सीने. १९८५ साली आलेल्या जिप्सीचं इंजिन होतं अवघं ९७० सीसीचं, ताकद ४५ अश्वशक्तीच्या आसपास. पण वजन जेमतेम टनभर आणि पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा सलग दांडा. चिखलात हलकेपणाच कामी येतो. स्पर्धेत उतरेपर्यंत मात्र मूळ गाडीतलं फारसं काही उरत नाही. इंजिन बदललेलं, डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे डिफ लॉकर बसवलेले, इंजिनाला हवा देणारा नळा म्हणजे स्नॉर्कल छतापर्यंत नेलेला, पुढे-मागे दोन विंच. हौशी म्हणजे स्वस्त, असा समज कुणी करून घेऊ नये. गोव्यातल्या विजेत्याला मलेशियातल्या मुख्य स्पर्धेत विनाशुल्क प्रवेश मिळायचा; तिथे गाडी कशी न्यायची, ही विवंचना पुढची.

सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद झाली. २०२३ मध्ये तिच्या घराण्यातली जिम्नी भारतात आली, पण पाच दारांची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जिप्सीचं २३७५ मिलिमीटर, हिचं २५९०. उंचवट्यावर पोट टेकायला तेवढा फरक पुरतो, म्हणून मुरलेले चिखलवाले अजून लष्कराच्या लिलावातली जिप्सीच शोधत असतात.