थेट विकास (उभयचरांतील)

थेट विकास : अंड्यातून पोहणारा डिंभ (बेडूकमासा) बाहेर न येता सगळे रूपांतरण अंड्याच्या आवरणातच पुरे होते आणि प्रौढासारखेच दिसणारे चिमुकले पिल्लू बाहेर पडते, अशी विकासपद्धती. बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या उभयचरांच्या तिन्ही गणांत ती आढळते आणि तिन्हींत ती स्वतंत्रपणे, बेडकांत तर अनेकदा, उद्भवली असे मानले जाते. जीवनचक्रातला एक अख्खा टप्पा नाहीसा होऊनही प्रौढाची घडण बिघडत नाही. हे कसे घडते, हा क्रमविकासी विकासजीवविज्ञानातील (भ्रूणाची घडण क्रमविकासात कशी बदलते याच्या अभ्यासातील) जुना आणि अजूनही ताजा प्रश्न आहे. सॅलॅमँडर गोव्याच्या परिसरात नाहीत. बाकी दोन्ही गणांतील थेट विकासाची उदाहरणे गोव्यातील व गोव्याच्या सीमेलगतच्या सह्याद्रीत मिळतात. म्हणून या नोंदीत त्या पट्ट्यावर भर दिला आहे.

गोव्यातील पार्श्वभूमी : सत्तरी, मोले, बोंडला, नेत्रावळी व खोतीगाव या भागांत पहिल्या पावसानंतर थोड्या अंतरात प्रजननाच्या कितीतरी तऱ्हा पाहायला मिळतात. शेतात व डबक्यांत हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस हा मोठा बेडूक (गोव्यात खाण्यासाठी ज्याची चोरटी शिकार होते तो) हजारोंनी अंडी पाण्यातच घालतो. ओहोळाकाठचे निक्टिबॅट्रॅकस प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) रात्रबेडूक पाण्यावर आलेल्या पानांवर किंवा दगडांवर जेलीसारख्या आवरणातील अंडी घालतात. अंडी फुटून डिंभ खाली पाण्यात पडतात. यांपैकी नि. पेट्रेयस ही जाती 2005 मध्ये दास व कुंटे यांनी दूधसागरच्या वरच्या अंगाला असलेल्या कॅसलरॉक येथून वर्णिली. मलबारी उडता बेडूक (ऱ्हॅकोफोरस मलबारिकस) पाण्यावरील फांदीला फेसाचे घरटे करतो. इंडिराना प्रजातीतील बेडकांचे डिंभ ओल्या कातळावर, पाण्याच्या जेमतेम थरात राहतात. त्यांची शेपटी लांब व स्नायुमय असते आणि मागचे पाय लवकर फुटतात. इं. सालेलकरी (2015 मध्ये वर्णिलेली) ही जाती नेत्रावळी परिसरातील आहे. शेवटी झुडपी बेडूक. त्यांना डबके लागतच नाही.

या तऱ्हा एका ओळीत मांडून पाण्याकडून जमिनीकडे चढत जाणारी शिडी दाखवण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. वरील बेडूक निरनिराळ्या कुलांतील आहेत आणि त्यांतला कोणीही दुसऱ्याचा पूर्वज नाही. ओळ लावायचीच असेल तर ती एका कुलाच्या वंशवृक्षावर लावावी लागते.

झुडपी बेडूक : सह्याद्रीतील बहुसंख्य झुडपी बेडूक आज राओर्केस्टिस या प्रजातीत धरतात. तिची स्थापना 2010 मध्ये झाली आणि नाव बेडकांचे भारतीय अभ्यासक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ आहे. त्याआधी या जाती इक्झॅलस, पुढे फिलॉटस अशा नावांखाली फिरत राहिल्या, त्यामुळे जुने साहित्य वाचताना नावे जुळवून घ्यावी लागतात. रा. बॉम्बेएन्सिस ही जाती अ‍ॅनन्डेल यांनी 1919 मध्ये कॅसलरॉक येथूनच वर्णिली. मादी थोडकी, मोठी अंडी घालते. ती जातीनुसार जमिनीवरील ओल्या मातीत, पानांवर किंवा बांबूच्या पोकळीत असतात. दक्षिण सह्याद्रीतील रा. ग्लँड्युलोससच्या थेट विकासाचे वर्णन 2003 मध्ये प्रसिद्ध झाले.

जवळची स्यूडोफिलॉटस ही प्रजाती मुख्यतः श्रीलंकेतील आहे. तिच्या भारतातील मोजक्या जातींपैकी स्यू. अंबोली (2009) गोव्याच्या सीमेलगत मिळते. वंशवृक्षानुसार या प्रजातीचे पूर्वज भारतातून श्रीलंकेत गेले, तिथे त्यांच्या अनेक जाती झाल्या आणि एक शाखा पुन्हा भारतात परतली. पहिले स्थलांतर ऑलिगोसीन या भूवैज्ञानिक काळाच्या सुमारास व परतीचे त्यानंतरच्या मायोसीन काळात घातले जाते. रेणवीय घड्याळाच्या (जनुकांत साचलेल्या बदलांवरून काळ मोजण्याच्या) पद्धतीनुसार हे काळ पुढेमागे सरकतात, त्यांचा क्रम मात्र बदलत नाही.

उगमाविषयी मते : ऱ्हॅकोफोरिडी कुलात फेसाची घरटी करणारे आणि थेट विकास असणारे असे दोन्ही प्रकार आहेत. यावरून फेसाचे घरटे ही थेट विकासाची आधीची पायरी असावी, ही कल्पना सहज सुचते: अंडी एकदा पाण्याबाहेर आली की डिंभालाही हळूहळू बाहेरच राखता येईल. मेगास्कुंबुरा व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये पाच जनुकखंडांच्या आधारे केलेल्या मांडणीत मात्र वेगळे चित्र दिसते. त्यानुसार कुलाच्या तळाशी पूर्णतः पाण्यात प्रजनन करणारे बेडूक आहेत. त्यानंतर जेलीत गुंडाळलेली अंडी जमिनीवर घालणारे येतात. याच अवस्थेतून एकीकडे फेसाचे घरटे व दुसरीकडे थेट विकास, असे दोन्ही प्रकार प्रत्येकी निदान दोनदा निघाले. म्हणजे फेसघरटे आणि थेट विकास ही सख्खी भावंडे ठरतात. एकातून दुसरे आलेले नाही. पूर्वजांच्या अवस्थांची अशी पुनर्रचना संभाव्यतेवर चालते, हे खरे. तरीही उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. या कुलातील जवळजवळ निम्म्या जाती थेट विकासाच्या आहेत, ही बाबही त्याच अभ्यासात महत्त्वाची मानली आहे: पाणवठ्याचे बंधन सुटल्यावर दमट डोंगरांवर नव्या जागा मिळाल्या आणि जाती वाढल्या, असा तिचा अर्थ लावतात.

विकासाची यंत्रणा : थेट विकासाची निरीक्षणे जुनी आहेत (बावे यांनी 1873 मध्ये ग्वादलूप बेटावरील बेडकाविषयी लिहिले), पण प्रायोगिक ज्ञान बहुतांशी प्वेर्तो रिकोतील कोकी (एल्युथेरोडॅक्टिलस कोकी) या एका जातीवर उभे आहे. कोकीच्या अंड्याचा व्यास सुमारे 3.5 मिमी. असतो, प्रयोगशाळेतील नेहमीच्या झेनोपस या बेडकाच्या अंड्याचा सुमारे 1.3 मिमी.; आकारमानात हा फरक जवळजवळ वीसपट होतो. जादा पीतक (अंड्यातला बलक) पिल्लाची शिदोरी असते, पण त्यामुळे अंड्याची अंतर्गत मांडणीच बदलते. रिचर्ड एलिन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पीतकाने भरलेल्या अंतःस्तर (भ्रूणाचा सर्वांत आतला थर) पेशींचा मोठा भाग आतड्याच्या ऊतीत रूपांतरित होत नाही, तो केवळ पोषणासाठी वापरला जाऊन संपतो. त्यांनी याला ‘पोषक अंतःस्तर’ म्हटले.

बेडूकमाशाची काही इंद्रिये कोकीत तयारच होत नाहीत: चिकटग्रंथी (जिने डिंभ चिकटून राहतो ती) नाही, पार्श्वरेखेची (पाण्याची हालचाल जाणणारी) इंद्रिये नाहीत. शेपटी मात्र येते. ती पातळ, रुंद व रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि श्वसनाला उपयोगी पडते. पाय फार लवकर फुटतात.

इथेच मुख्य वाद आहे. सामान्य बेडकात रूपांतरण अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकाने (हॉर्मोनने) सुरू होते, पायांची वाढ व शेपटीचा लोप दोन्ही त्यावर अवलंबून असतात. कोकीत पायांचे अंकुर अवटू ग्रंथी तयार होण्याआधीच दिसतात. त्यामुळे पायांचा विकास संप्रेरकापासून सुटला, असा निष्कर्ष काढला गेला. 2000 मध्ये कॅलरी व एलिन्सन यांनी संप्रेरकाची निर्मिती रोखली तेव्हा शेपटीचा लोप थांबला. संप्रेरक बाहेरून दिल्यावर तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे रूपांतरण नष्ट झालेले नाही, ते अंड्याच्या आत सरकले आहे. अलीकडे हॅन्कन व सहकाऱ्यांच्या कामावरून मातेने अंड्यात साठवलेले संप्रेरक सुरुवातीच्या टप्प्यांवर परिणाम करत असावे, असे सुचते. तसे असेल तर ‘पाय संप्रेरकापासून सुटले’ हे विधान सौम्य करावे लागेल, आणि ते तसे करणेच सध्या योग्य वाटते.

कोकीचे निष्कर्ष सह्याद्रीतील बेडकांना सरसकट लावता येत नाहीत. श्रीलंकेतील स्यू. सायलस या जातीच्या कवटीच्या विकासाचा 2007 मध्ये अभ्यास झाला. तेव्हा इतर थेट विकासी बेडकांशी तिचे साम्य फार थोडे असल्याचे आढळले. शेवट एकच, पण तिथे पोचण्याच्या वाटा निरनिराळ्या. राओर्केस्टिसच्या भ्रूणांचा अभ्यास म्हणूनच मोलाचा ठरेल.

देवगांडूळ : पाय नसलेले, मातीत राहणारे हे उभयचर दिसताच गांडूळ किंवा साप समजून मारले जातात. इक्थिओफिस प्रजातीत मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि डिंभ पुढे पाण्यात जातात. गेगेनिओफिस प्रजातीत डिंभावस्था नसते. गे. नाडकर्णी (2004) बोंडल्यातून आणि गे. गोवाएन्सिस (2007) सत्तरीतील केरी येथून वर्णिल्या गेल्या. या प्रजातीच्या भ्रूणांवरील आरंभीचे काम 1940 च्या दशकात म्हैसूरचे बी. आर. शेषाचार यांनी केले. त्यांचेच नाव दिलेली गे. शेषाचारी ही रत्नागिरी जिल्ह्यातील जाती जिवंत पिल्लांना जन्म देते, हे 2008 मध्ये सिद्ध झाले. आशियातील उभयचरांत ही पहिलीच नोंद होती.

संवर्धन : थेट विकासी जातींना तळे लागत नाही, पण अंडी सुकली की सगळी वीण जाते. त्यामुळे त्यांच्यासाठी पाणवठे राखून भागत नाही. झाडोऱ्याची सावली आणि पालापाचोळ्याखालची ओल टिकावी लागते. जाळलेला पाचोळा आणि उघडा पडलेला उतार त्यांना थेट बाधतो. जंगलाबाहेर अशी ओली, सावलीतली माती मुख्यतः कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) उरली आहे.