न जाणवणाऱ्या आजाराची गोळी

उच्च रक्तदाबाची गोळी घेतल्याने बहुतेकांना बरे वाटत नाही आणि ती बंद केल्याने लगेच वाईटही वाटत नाही. ही औषधे सुटण्यामागचे सर्वांत मोठे कारण मला यातच दिसते. डोकेदुखीची गोळी तासाभरात आपला गुण दाखवते. रक्तदाबाच्या गोळीचे काम मात्र पुढे कधीतरी होऊ शकणारा पक्षाघात टाळणे हे असते, आणि जे घडलेच नाही ते रुग्णाला दिसणार कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात. रक्तदाबाच्या औषधांबाबत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४,७८३ रुग्णांना अशा डब्या दिल्या होत्या, की झाकण उघडल्याची वेळ आपोआप नोंदली जाई. वर्षभरात जवळजवळ निम्म्या रुग्णांनी औषध पूर्णपणे थांबवले होते, तर जे घेत होते त्यांच्याकडून कोणत्याही एका दिवशी सुमारे १० टक्केच मात्रा चुकत होत्या. म्हणजे आपण ज्या विसरभोळेपणाला दोष देतो, त्यापेक्षा गोळी कायमची सोडून देणे हे दुखणे कितीतरी मोठे आहे.

ती सोडण्यामागे बहुधा एक विचार असतो आणि तो वरवर तर्कशुद्धही वाटतो: तपासले तेव्हा बीपी नॉर्मल आले, मग आता औषध कशाला? परंतु तो आकडा गोळीमुळे आलेला असतो. ही औषधे रक्तवाहिन्या सैल ठेवतात किंवा शरीरातील जास्तीचे मीठ-पाणी बाहेर काढतात. रक्तदाब वाढण्याची मूळ प्रवृत्ती तशीच राहते, आणि औषध थांबले की दाब बहुतेकांमध्ये पुन्हा वर चढतो. क्लोनिडिनसारखे औषध एकाएकी थांबवल्यास तर तो धोकादायकरीत्या उसळू शकतो.

दुसरे कारण दुष्परिणामांचे, आणि येथे रुग्णाची बाजू ऐकून घेतलीच पाहिजे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिल आणि एनालाप्रिल यांच्या गटातील औषधांनी कित्येकांना कोरडा खोकला लागतो, आणि मूत्रल औषधामुळे सुरुवातीला तरी वारंवार लघवीला जावे लागते. ज्याला आधी काहीच त्रास नव्हता, त्याला उपचारानेच आजारी पाडल्यासारखे वाटले तर नवल नाही. वास्तविक खोकल्यावर उपाय सोपा असतो, कारण टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही औषधे त्याच यंत्रणेवर दुसऱ्या टप्प्यावर काम करतात आणि त्यांनी खोकला क्वचितच होतो; पण रुग्णाने खोकल्याबद्दल सांगितलेच नाही, तर औषध बदलणार कोण?

सांगितले न गेल्याने आणखी एक घोटाळा होतो. गोळ्या चुकत आहेत हे ठाऊक नसलेला डॉक्टर वाढलेला दाब पाहून मात्रा वाढवतो किंवा नवे औषध जोडतो. पुढे हाच रुग्ण रुग्णालयात दाखल झाला आणि कागदावरची सगळी औषधे त्याला एकदम मिळाली, तर दाब नको तितका खाली येऊ शकतो. उलट, तपासणीच्या आधीचे काही दिवस नेमाने गोळ्या घेणारेही पुष्कळ असतात, आणि त्या दिवशीचा चांगला आकडा डॉक्टरांना खोटा दिलासा देतो.

केवळ माहिती देऊन हे सुटेल, असे मानण्याचा मोह होतो. १९७५ साली कॅनडातील पोलाद कामगारांवर झालेल्या प्रयोगात तेही करून पाहिले गेले: शिकवल्यामुळे कामगारांचे रक्तदाबाविषयीचे ज्ञान वाढले, गोळ्या घेण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. त्यानंतर त्याच संशोधकांनी औषध न घेणाऱ्यांना घरी रक्तदाब मोजून नोंदवायला दिला, गोळी रोजच्या एखाद्या सवयीशी जोडून दिली आणि दर पंधरवड्याला विचारपूस ठेवली, तेव्हा फरक पडला. यातले घरी मोजणे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण न जाणवणारी गोष्ट त्यामुळे डोळ्यांना दिसू लागते.

गोळ्यांची संख्या कमी करणेही उपयोगी पडते. रक्तदाबाची दोन औषधे एकाच गोळीत असलेल्या संयुक्त गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, याचाही बाऊ नको; २१ हजारांहून अधिक रुग्णांवरील आणि २०२२ साली जाहीर झालेल्या चाचणीत हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक आढळला नाही, तेव्हा जी वेळ लक्षात राहते ती निवडावी. डॉक्टरांनीही ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असे विचारण्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहून गेल्या?’ असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण नुसते ‘हो’ म्हणतात.