पिंपात तुटतो तो बंध, भाणात सुटतो तो बंध

अकरावीच्या पेपरांत एक उत्तर दरवर्षी हमखास सापडतं : 'पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन हे हायड्रोजन बंधाने जोडलेले असतात.' उत्तर चूक, पण लिहिणारी मुलं चांगली हुशार असतात. घोटाळा नावाने केलेला आहे. ज्या बंधात हायड्रोजन आहे तो हायड्रोजन बंध, असं कुणालाही वाटेल. त्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली आणि पुढचं सगळं शास्त्र इंग्रजीत, त्यामुळे शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये आणखी एक उंबरठा पडतो. म्हणून फळ्यावर काही लिहिण्याआधी मी त्यांना काजूच्या दारूच्या भट्टीची आठवण करून देतो. एप्रिलात भट्टी पाहिलेली नाही असं मूल आमच्याकडे विरळाच.

बोंडू, म्हणजे काजूची फळं, कोळंबीत (तुडवण्याच्या कुंडीत) तुडवून रस पिंपात भरला की दुसऱ्या दिवशी वर फेस येतो. झाकण जरा बाजूला केलं तर आंबूस वास नाकात शिरतो आणि कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. रसातलं यीस्ट ग्लुकोजचा एक रेणू फोडून त्यातून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं.

इथे जे तुटतात ते सहसंयुज बंध, म्हणजेच मुलांचा 'कोव्हॅलंट बाँड'. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात, आणि त्या भागीदारीवर रेणूचा सांगाडा उभा असतो. सांगाडाच मोडला की पदार्थ बदलतो : साखर संपली, दारू झाली. हे बंध चिवट असतात. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे 460 किलोज्यूल ऊर्जा लागते. साखर नुसती तापवत राहिलात तर ती करपेल, तिची दारू होणार नाही. यीस्ट मात्र हे काम सावलीत ठेवलेल्या पिंपात, विस्तवाशिवाय करतं, कारण त्याच्याकडे एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया सोपी करणारी प्रथिनं, आहेत. त्यासाठी जिवंत पेशीसुद्धा लागत नाही, पेशी चिरडून काढलेला रस पुरतो, हे एडुआर्ड बुखनर यांनी 1897 मध्ये दाखवलं आणि 1907 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सजीवांच्या रसायनातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट हीच आहे.

आता आंबलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे उकळण्याच्या भांड्यात, चढवतात, खाली लाकडं पेटतात. वाफ नळीतून जाते, थंड होते आणि पलीकडच्या मडक्यात थेंब थेंब हुर्राक, म्हणजे पहिल्या उकळीची दारू, पडू लागतो. आंबलेल्या रसासोबत तो पुन्हा उकळला की फेणी. दारू काही भाणात तयार होत नाही. ती पिंपातच झालेली असते, भाणात ती फक्त वेगळी होते. मग एवढी लाकडं कशासाठी जळतात? शेजारशेजारच्या रेणूंनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं, ती पकड सोडवण्यासाठी. या पकडीतला मोठा वाटा हायड्रोजन बंधांचा.

ऑक्सिजन हा भागीदारीत जरा ओढून घेणारा. सामाईक इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे खेचतो, त्यामुळे त्याच्यावर किंचित ऋण भार येतो आणि हायड्रोजनवर किंचित धन. असा उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे आकर्षित होतो, तोच हायड्रोजन बंध. पाण्यात त्याची ताकद मोलमागे साधारण 20 किलोज्यूल. कुठे 460 आणि कुठे 20! द्रव पाण्यात तो सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या आसपासच टिकतो आणि लगेच नवा जुळतो. पण एकेकटा दुबळा असला तरी जमावाने तो भारी पडतो. डायमिथाइल इथरमध्ये इथेनॉलइतकेच अणू आहेत : दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पण त्यातला एकही हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला नाही, म्हणून त्याचे रेणू आपसात असे बंध जुळवू शकत नाहीत. तो उणे 24 अंशांनाच उकळतो, इथेनॉल 78 अंशांना.

मुलांना मी एवढंच विचारतो : थंड केल्यावर मूळ पदार्थ परत मिळतो का? वाफ निवली की पुन्हा तीच दारू, म्हणजे बंध नुसते सुटले होते. पिंपातली दारू कितीही थंड करा, साखर परत येणार नाही, तिथे बंध तुटले आणि नवे जुळले.

पेशीत हे दोन्ही बंध एकाच रेणूत भेटतात. डीएनएची प्रत्येक साखळी सहसंयुज बंधांनी ओवलेली असते, आणि दोन साखळ्यांना एकत्र धरायला मधे हायड्रोजन बंध. साखळ्यांवर ए, टी, जी, सी अशी नावं दिलेले घटक समोरासमोर जोडीने येतात : ए-टी जोडीत असे बंध दोन, जी-सी जोडीत तीन. प्रयोगशाळेत 95 अंशांच्या आसपास तापवलं की साखळ्या विलग होतात, पण एकही मणी गळत नाही. तापमान उतरवलं की त्या पुन्हा जुळतात. पेशी तापवण्याची वाट पाहत नाही, ती एन्झाइमांकरवी हवा तेवढाच भाग उघडते. मधले बंधही 460 किलोज्यूलचे असते तर प्रत काढण्यासाठी साखळ्या उघडणं जवळजवळ अशक्य झालं असतं.

अंड्यापाशी मात्र माझी ही थंड करून पाहण्याची कसोटी अडते, आणि ते मुलांना सांगायलाच हवं. अंडं उकडताना पांढऱ्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, म्हणजे हायड्रोजन बंध आणि इतर दुबळे बंध सुटतात. अमिनो आम्लांना ओवणारे पेप्टाइड बंध, जे सहसंयुज आहेत, ते शाबूत राहतात. तरी अंडं निवल्यावर पुन्हा पातळ होत नाही, कारण उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. पेप्टाइड बंध तोडण्याचं काम पुढे जठरात पेप्सिन सुरू करतं.

वहीत सहसंयुज बंध सलग रेघेने काढायचा, हायड्रोजन बंध ठिपक्यांनी. पाण्याचा एकच रेणू काढा : दोन रेघा झाल्या की चित्र पुरं, ठिपके द्यायला जागाच नाही. शेजारी दुसरा रेणू काढा, मग पहिल्याच्या हायड्रोजनपासून दुसऱ्याच्या ऑक्सिजनपर्यंत ठिपके टाका.