शाल, श्रीफळ आणि दहा वर्षांचा करार

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुढच्या रविवारांना बडोद्यातल्या मराठी मंडळींचे गुणगौरव समारंभ सुरू होतात. दांडिया बाजार नाहीतर रावपुऱ्याकडचा एखादा हॉल, मागे बॅनर, टक्केवारीनुसार लागलेली पोरांची रांग, प्रमाणपत्र, फोटो. मग पाहुण्यांचं भाषण आणि त्यात हटकून येणारं वाक्य, 'मोठे व्हा, पण समाजाला विसरू नका.' तोवर पोरांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या नाश्त्याकडे गेलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर आमचंही.

आमचे गुजराती शेजारी या कार्यक्रमाला 'इनाम वितरण' म्हणतात. इनाम हा शब्द आपल्याही जुन्या दप्तरांतला. तिथे त्याचा अर्थ बहुधा चाकरीबद्दल सारामाफीने दिलेली जमीन असा असे. म्हणजे आधी सेवा, मागून इनाम. आजचा समारंभ याच्या उलट चालतो. बक्षीस आधी द्यायचं आणि सेवा पुढे कधीतरी होईल अशी आशा धरायची. ही उलटापालट समजून घ्यायला बडोद्यासारखं गाव नाही, कारण बक्षीस आणि सेवा यांची गाठ इथे चक्क कागदावर सही घेऊन मारली गेली होती.

सयाजीराव तिसरे हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ मध्ये ते दत्तक आले आणि १८८१ च्या डिसेंबरात कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. बडोद्यात त्याआधी विद्वत्तेचा गौरव होत नव्हता असं नाही. श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची जुनी रीत होती. सयाजीरावांनी ती मोडली नाही, तिला परीक्षा जोडली. जो शास्त्रात उतरेल त्याला दक्षिणा. दिसायला बदल लहान, पण त्याने जन्माच्या जागी तयारी आणली. 'गुण' या शब्दाचा मार्क हा अर्थ इथे सरकारी तिजोरीत शिरला, असं मी गमतीने म्हणतो.

पण परीक्षेला बसणारेच मूठभर असतील तर गौरव करायचा कोणाचा? १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ती सक्ती सगळ्या संस्थानाला लागू झाली. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली कलाभवन हे तांत्रिक शिक्षणाचं विद्यालय उघडलं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पेट्यांत भरलेली पुस्तकं गावोगाव फिरू लागली. गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल तर एक तृतीयांश पैसे गावाने उभे करायचे, बाकीचे प्रांत पंचायत आणि सरकार घालणार. वाचनालय चळवळीतले कार्यकर्ते मोतीभाई अमीन यांची मित्रमंडळं या कामात खपली. समाजसेवा म्हणजे वर्गणीसाठी दारोदार फिरणं, हे इथल्या तरुणांना भाषणातून कळलेलं नाही.

आखाड्यांचंही तसंच. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा माणिकरावांनी चालवला. तिथे मल्लविद्या शिकलेल्या पोराला निखळलेलं हाड बसवायलाही यावं लागे. अंग कमावलं ते गल्लीच्या कामी यावं, असा साधा हिशोब. या आखाड्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे थांबतो.

आता मूळ गोष्टीकडे. ती घडली मुंबईत, पण तिची दोन्ही टोकं बडोद्यात आहेत.

परळच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलाने परीक्षा पास केली. चरित्रकार ती १९०७ ची मॅट्रिक सांगतात, बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः मात्र इंग्रजी चौथी असं लिहिलं आहे. जातभाईंना त्याचा सत्कार करायचा होता. वडिलांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. गुणगौरव समारंभावरचा हा आक्षेप आजही बिनतोड आहे, आणि हॉलच्या मागच्या रांगेत बसलेले एखादे आजोबा दर वर्षी तो पुटपुटतात. पण मंडळींनी सुभेदार रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातलं आणि सभा झालीच. केळुसकरांनी त्या मुलाला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते पुस्तक त्यांनी लिहिलं होतं बडोद्याच्या सयाजीरावांच्या ग्रंथमालेसाठी! बडोद्याच्या पैशाने झालेलं पुस्तक अशा रीतीने त्या मुलाच्या हाती पडलं आणि १९५६ पर्यंत त्याच्या मनातून गेलं नाही.

केळुसकर भेट देऊन घरी गेले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा सयाजीरावांपर्यंत त्या मुलाला नेणारेही तेच. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाल्यावर १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत दाखल झाले आणि थोड्याच दिवसांत वडील गेले. मग अमेरिकेला जायची संधी आली. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ ला करारावर सही झाली. ठरवलेला अभ्यास पुरा करायचा आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची सेवा करायची.

हा करार कोरडा वाटतो, पण मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. 'समाजाला विसरू नका' असं मोघम काही नाही. किती पैसे, किती वर्षं, कोणाची सेवा, सगळं ठरलेलं. दुसरीकडे सयाजीरावांच्या मदतीने शिकलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढून वेगळ्याच वाटेने गेले. ही सेवाही संस्थानच्या सीमेत मावणारी नव्हती.

करार म्हटला की दोन पक्ष आले. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करार पाळायला बडोद्यात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनमधला अभ्यास शिष्यवृत्ती संपल्याने अर्धा सोडून आलेला तरुण. संस्थानने नोकरी दिली, शहराने राहायला खोली दिली नाही. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. पारशांच्या एका धर्मशाळेत खोटं नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचा दम देऊन गेले. ओळखीच्या दोघांनी घरात घ्यायला असमर्थता सांगितली. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

शिष्यवृत्ती देणारा राजा एक असतो, तिची फेड करून घ्यायला मात्र सगळं गाव लागतं. सक्तीचं शिक्षण देणाऱ्या, वाचनालयांच्या पेट्या फिरवणाऱ्या संस्थानच्या राजधानीत एक खोली निघाली नाही. सयाजीरावांना दोष देऊन हे संपत नाही. त्या गल्ल्यांत आपली मराठी घरंही होती.

कमाटीबागेतल्या त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तिथे माणसं जमतात. दांडिया बाजारातून रिक्षाने फार तर दहा मिनिटं. इतक्या वर्षांत गुणगौरवाची पुष्कळ भाषणं ऐकली. सयाजीरावांचं नाव प्रत्येकात येतं, शिष्यवृत्ती येते, अमेरिकाही येते. गोष्ट १९१३ च्या बोटीवर चढते आणि टाळ्या पडतात.