सरळ रेघ वाकडी दिसते? चष्मा बदलण्याआधी हे वाचा

(पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या मुलासुनांसाठी)

“तुम्ही काच नीट बसवली नाहीत, दाराची चौकट वाकडी दिसते.” अशी तक्रार घेऊन अधूनमधून एखादे आजोबा दुकानात येतात. आम्ही काच तपासतो, नंबर पुन्हा काढतो. दोन्ही बरोबर असतात. मग एकेक डोळा झाकून पाहायला सांगतो, तेव्हा कळतं की वाकडेपणा एकाच डोळ्यात आहे आणि चष्मा काढला तरी तो जात नाही. अशांना आम्ही नवा चष्मा देत नाही, डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडे पाठवतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध जेमतेम ५ मिलिमीटरचा भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही बारीक नजरेची कामं त्याच्या जिवावर चालतात. वयानुसार काहींच्या मॅक्युलाची झीज होते. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. पडदा बदलता येत नाही. म्हणून “मोतीबिंदूच असेल, दिवाळीनंतर बघू” असं घरच्या घरी ठरवू नका.

बहुतेकांना होते ती कोरडी झीज. पडद्याखाली पिवळसर कण साठत जातात, वाचायला उजेड जास्त लागतो, अक्षरं पुसट होतात. हे सारं वर्षानुवर्षं, सावकाश. ओली झीज कमी जणांना होते, पण नजर जास्त वेगाने नेते ती हीच. पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा फुगतो आणि सरळ रेघ नागमोडी दिसू लागते. चेहऱ्याच्या जागी काळा डाग येतो. हे काही दिवसांत, आठवड्यांत घडू शकतं, आणि कोरडी झीज असलेल्या डोळ्यातही ओली सुरू होऊ शकते.

एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. म्हणून आमचा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा: आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून बघा. पत्रकाच्या मागे चौकटींचा तक्ता छापला आहे. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. जवळचा चष्मा लावा, तक्ता ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि मधल्या ठिपक्यावर नजर रोखा. रेघा वाकताहेत का? कुठे चौकट गायब, पुसट आहे का? मग दुसरा डोळा. तक्ता हाताशी नसेल तर नातवंडांची गणिताची चौकटीची वही चालेल, खिडकीचे गजही चालतील.

नवा वाकडेपणा किंवा डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. ते थेंब घालून बाहुली मोठी करतील, पडदा पाहतील, बहुधा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने टिपलेलं चित्र) काढतील. स्कॅनला सुई नाही, दुखत नाही. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर घरी ठेवा, कुणाला तरी सोबत न्या. ओली झीज निघाली तर डोळ्यात इंजेक्शनं देतात, सुरुवातीला साधारण महिन्याला एक. डोळ्यात सुई म्हटलं की पोटात गोळा येतो, हे आम्ही समजतो. पण आधी डोळा बधिर करतात आणि काम क्षणात होतं. पडद्यावर वण धरल्यावर मात्र गेलेली नजर परत आणणं फार अवघड.

तक्ता स्वच्छ दिसला म्हणून पडदा निरोगी असं नाही. सुरुवातीची झीज त्यात दिसतेच असं नाही, म्हणून थेंब घालून तपासणी वेगळी करून घ्याच. आईवडिलांना किंवा भावंडांना हा आजार असेल तर नक्कीच. विडी-सिगारेट सोडा, या आजाराचा धोका त्यांनी खूप वाढतो. ल्युटीन, झिंक, जीवनसत्त्वांच्या गोळ्या झीज मध्यम अवस्थेत पोचलेल्यांचा, किंवा एका डोळ्यात त्यापुढे गेलेल्यांचा, आजार आणखी बळावण्याचा धोका कमी करतात. निरोगी डोळ्याला त्यांचा उपयोग दिसलेला नाही, त्यामुळे सांगोवांगी विकत घेऊ नका.

हा आजार सहसा पूर्ण अंधत्व आणत नाही. बाजूची नजर शाबूत राहते, माणूस घरात वावरू शकतो. आणि नजर गेलेल्या आजीला रिकाम्या खोलीत माणसं किंवा फुलं दिसू लागली तर तिला भ्रमिष्ट ठरवू नका. नजर कमी झाल्यावर मेंदू अशी चित्रं रंगवतो. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

तक्ता कसा धरायचा ते दुकानात येऊन विचारा, आम्ही करून दाखवू. त्याचे पैसे नाहीत.