ॲव्होकाडो खाऊन एंडोमेट्रिओसिस बरा होतो का?
"रोज एक ॲव्होकाडो खा, एंडोमेट्रिओसिसच्या गाठी विरघळतील," हा सल्ला सांगली-मिरजेकडे बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. तो साफ चुकीचा आहे. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर वगैरे वाढतात. कुठल्याही फळाने त्या विरघळत नाहीत. त्याला हार्मोनची औषधं लागतात, कधी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

फळ म्हणून ॲव्होकाडो चांगलाच. अर्ध्या फळात, म्हणजे ७० ग्रॅम गरात, सुमारे ५ ग्रॅम तंतू मिळतात. पण लोह अर्धा मिलिग्रॅमही नाही, आणि पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर नेमकं तेच कमी पडतं. त्यासाठी बाजरीची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ खा, वर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा मात्र नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. मॅग्नेशियमचं म्हणाल तर अर्ध्या ॲव्होकाडोत ते सुमारे २० मिलिग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ५०. एवढं महाग फळ आणलंच पाहिजे असं अजिबात नाही.

पोट फुगत असेल तर जपून. यातला साखरेसारखा एक घटक आतड्यात आंबतो आणि गॅस धरतो. आधी दोन चमचेच खाऊन बघा. चालू गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.