चारचौघे काय करतात?

महिन्यातून एका रविवारी, संध्याकाळची गर्दी उतरली की आम्ही पाच-सहा जण एका गडावर पाण्याच्या टाक्यांभोवतीचा कचरा काढायला जायचो. काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही वाटेवर पत्र्याचा फलक लावला. मजकूर माझा होता: ‘दरवर्षी हजारो पर्यटक हा गड घाण करून जातात. तुम्ही तसं करू नका.’ पुढच्या फेरीला फलकाच्या खांबांशी चिप्सची पाकिटं साचलेली होती, आणि पत्र्याच्या मागच्या पट्टीत पाण्याची एक रिकामी बाटली नीट खोचून ठेवलेली होती. लोकांना लाज कशी वाटत नाही, असं म्हणत आम्ही पोती भरली.

लोकांचं चुकलंच होतं. पण माझं वाक्यही चुकलं होतं, हे मला रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं संशोधन वाचल्यावर कळलं.

अ‍ॅरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. (आपल्याकडे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातही अशी अश्मीभूत लाकडं सापडतात.) येणारे लोक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. उद्यानाचा फलक कळवळून सांगायचा की अशा चोरीमुळे वर्षाला १४ टन लाकूड नाहीसं होतं. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि फलकाचा मजकूर बदलून पाहिला. ‘पूर्वी अनेकांनी इथलं लाकूड नेलं आहे’ असं लिहिलं तेव्हा ७.९२ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढंच लिहिलं तेव्हा १.६७ टक्के.

मराठीत ‘चार लोक’ आपल्याला दोन तऱ्हांनी वळण लावतात. एक, ‘चार लोक काय म्हणतील’. दुसरी, ‘चारचौघे करतात तसं करावं’. वर्तनविज्ञान या दोन गोष्टी वेगळ्या मोजतं, कारण त्या उलट दिशांना ओढू शकतात. माझ्या फलकाचं दुसरं वाक्य पहिल्या तऱ्हेचं होतं. पण पहिल्याच वाक्यात मी येणाऱ्याला सांगून बसलो होतो, की इथे हजारो लोक कचरा टाकतात. म्हणजे टाकणारा एकटा नाही, चारचौघांतलाच आहे.

आणि फलक नसला तरी जमीन बोलतेच. याच गटाचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सगळ्यांत जास्त पटतो, कारण तो कुठल्याही पार्किंगमध्ये डोळ्यांसमोर उभा राहतो. गाडीच्या वायपरखाली जाहिरातीचा कागद अडकवलेला आहे. मालक येतो, कागद काढतो. जवळपास कचऱ्याचा डबा नाही. आधीच कचरा पसरलेल्या जागेत ३२ टक्के लोकांनी कागद खाली टाकला, झाडलेल्या जागेत १४ टक्के लोकांनी. पुढची पायरी अशी, की मालक गाडीशी पोचण्याआधी संशोधकांचाच एक माणूस त्याच्या देखत तसाच कागद जमिनीवर टाकून जातो. घाण जागेत टाकणारे ५४ टक्क्यांवर गेले. स्वच्छ जागेत मात्र ते ६ टक्क्यांवर उतरले! लख्ख फरशीवर पडलेला तो एक कागद पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो. जागा किती स्वच्छ आहे आणि इथे कोणी टाकत नाही, हे त्याला तेव्हा जाणवतं. घाणीत पडलेला तोच कागद ‘इथे चालतं’ असं सांगून जातो.

विजेचंही असंच आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे २९० घरांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या गेल्या: तुमचा वापर इतका, शेजारपाजारचा सरासरी वापर इतका. जास्त वीज जाळणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पण कमी वापरणारे सरासरीकडे सरकले, त्यांचा वापर वाढला. आपण उगाचच काटकसर करतोय, असं त्यांना वाटलं असावं. उपाय अगदी साधा निघाला. कमी वापर असलेल्या घराच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढला आणि ती वाढ थांबली. ‘चारचौघे काय करतात’ या आकड्याशेजारी ‘चार लोक काय म्हणतील’ याची एक शाबासकी बसली, इतकंच.

कॅलिफोर्नियातच आणखी एक गोष्ट दिसली. वीज का वाचवता, असं विचारल्यावर लोकांनी पर्यावरण, समाज, पैसे ही कारणं पुढे केली. शेजाऱ्यांचं वागणं सगळ्यांत शेवटी. पण सॅन मार्कोसमध्ये यातलं एकेक कारण सांगणाऱ्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तेव्हा मीटरवर सर्वाधिक फरक पाडला तो शेजाऱ्यांचा उल्लेख असलेल्या चिठ्ठीनेच. म्हणून नुसतं लोकांना विचारून मोहीम आखू नये, आधी छोट्या प्रमाणात करून मोजावी, असं मला ठामपणे वाटतं.

याने सगळं सुटत नाही. अमेरिकेत सुमारे ६ लाख घरांवर झालेल्या प्रयोगांत काही घरांना शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रकं पाठवली गेली, तेव्हा त्या घरांत सरासरी बचत २ टक्के झाली. २ टक्क्यांनी औष्णिक वीजकेंद्रं बंद होत नाहीत. त्यासाठी कायदे, दर आणि सौरऊर्जा लागतेच. पण छपाई आणि टपालाच्या खर्चात लाखो घरांतून आलेले ते २ टक्के मला मोलाचे वाटतात.

आम्ही तो फलक उतरवला. नवा फलक वाटेवर नाही, तर टाक्याच्या काठावर आहे, जिथे लोक टेकतात आणि पाकिटं फोडतात. त्यावर एवढंच लिहिलंय: ‘हे पाणी पिण्याचं आहे. रिकामी पाकिटं परत न्या.’ शेजारच्या खुंटीला रिकाम्या पिशव्या टांगलेल्या असतात. आणि सफाईला आम्ही आता रविवारी संध्याकाळी जात नाही. शनिवारी पहाटे, पहिली गाडी पायथ्याला लागायच्या आत, टाक्याचा काठ झाडून झालेला असतो.